शब्दचर्चा : जोनला मराठीत काय म्हणायचं? कुमारिका, वीरांगना, पाखंडी, हुतात्मा...

पटवेडी :
आमच्या चित्रपट मंडळात जोन ऑफ आर्कवरचा (पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध फ्रेंच फौजेबरोबर गेलेली आणि पुढे धर्मन्यायालयाने खटला चालवून जाळलेली पोर) १९४८चा चित्रपट दाखवायचा आहे. व्हिक्टर फ्लेमिंगचा, इन्ग्रिड बर्गमनचा. रंगीत, भव्य, घोडदळ-तटबंद्या-राज्याभिषेक सगळं यथासांग. (बर्गमन तेव्हा तेहेतीस वर्षांची आणि जोन मेली ती एकोणिसाव्या वर्षी, पण ते चालवून घ्यायचं.) मराठी सबटायटलं माझ्या गळ्यात पडली आहेत.

लढायांचं काही अडत नाही. वेढा, बुरूज, शिड्या, चिलखत, निशाण, कुमक, तह... आपल्या बखरींनी पुढच्या शंभर चित्रपटांची सोय करून ठेवली आहे. अडतंय ते त्या पोरीपाशीच. तिला ‘मेड’ म्हणतात, ‘हेरेटिक’ म्हणतात, तिला ‘व्हॉइसेस’ ऐकू येतात आणि शेवटी ती ‘मार्टर’ होते. या चौघांना मराठीत काय म्हणू? पडद्यावर दोनच ओळी मावतात, त्यामुळे तळटीप वगैरे सुचवू नका.

बारीकअक्षर :
मेडचं मोलकरीण करू नका म्हणजे मिळवलं.

‘वीरांगना’ लिहून टाका की. सुटसुटीत आहे.

शास्त्रीबुवा :
वीरांगना नको. कारणं सांगतो, जरा लांबेल.

वीर + अंगना. याचा अर्थ ‘शूर स्त्री’ असा होतो तसा ‘वीराची स्त्री’ असाही होतो. राजस्थानात युद्धात पडलेल्या जवानाच्या विधवेला सरकारी कागदोपत्री वीरांगना म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी वीरपत्नी आहे. बांगलादेशात १९७१च्या युद्धात ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांना शेख मुजीबांनी ‘बीरांगना’ म्हटलं. हेतू सन्मानाचा होता, पण पुढे तोच शब्द त्यांना समाजात डाग म्हणून चिकटला. झाशीच्या स्टेशनाच्या नावात लक्ष्मीबाईच्या आधी लागलेली वीरांगना ही तिसरीच. एका शब्दात एवढी गर्दी आहे आणि त्यात कुमारिका मात्र कुठेच बसत नाही.

शिवाय एक वेलांटी घसरली की ‘वारांगना’ होते. छापखान्यांनी हा घात पूर्वी केलेला आहे.

विंगेतून :
शास्त्रीबुवा, गंमत म्हणजे हा वेलांटीचा घात जोनच्या बाबतीत खरोखर झालेला आहे, तोही मुद्दाम! फ्रेंच लोक तिला ‘ला प्यूसेल’ म्हणत. प्यूसेल म्हणजे कुमारिका. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’च्या पहिल्या भागात इंग्रज सरदार टॅलबट ‘प्यूसेल’ला ‘पझल’ जोडून कोटी करतो. त्या काळच्या इंग्रजीत पझल म्हणजे बाजारबसवी. त्याच दमात तो फ्रेंच युवराजाच्या ‘डॉफँ’ या पदवीचा डॉल्फिन मासा करून टाकतो. इंग्रज प्रेक्षकांना हसवायला दोन्ही कोट्या उपयोगी पडल्या असणार. त्या नाटकात जोन सरळसरळ चेटकीण आहे, भुतंबितं बोलावते.

तेव्हा वीरांगना-वारांगना ही भीती पोकळ नाही.

पटवेडी :
बापरे. मग ‘रणरागिणी’?

बारीकअक्षर :
रणरागिणी हल्ली हंडामोर्चाच्या बातमीत असते. ‘पाण्यासाठी रणरागिणी रस्त्यावर.’ ताराराणींना शोभतो तो शब्द, त्यांनी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. जोन स्वतः काय म्हणाली ते बघा. तलवार जास्त प्रिय की निशाण, असं न्यायाधीशांनी विचारलं, तर म्हणाली निशाण चाळीस पटीने प्रिय. आणि ते हातात धरायचं अशासाठी की कुणाचा जीव घ्यायला लागू नये. मी कुणालाही मारलेलं नाही, असंही तिच्या जबानीत आहे. हिला रणरागिणी म्हणणार?

शास्त्रीबुवा :
बरोबर. आणि ‘प्यूसेल’ ही लोकांनी लावलेली उपाधी नाही फक्त, ती स्वतः तेच नाव सांगायची. ‘दार्क’ हे आडनाव तिने वापरलं नाही. न्यायालयात सांगितलं की गावात मला झानेत म्हणत, फ्रान्समध्ये आल्यावर झान म्हणू लागले. वर हेही की आमच्या भागात मुली आईचं आडनाव लावतात. म्हणून मराठी लेखांत कधी कधी ‘आर्कची जोन’ वाचतो तेव्हा हसू येतं. आर्क हे तिचं गाव नव्हे. गाव दोंरेमी.

माझं मत ‘कुमारिका’. ‘कुमारी’ लिहिलंत तर लग्नपत्रिकेतली कु. जोन होईल. ‘कन्या’ म्हटलं की लगेच कुणाची, हा प्रश्न येतो. कुमारिका म्हटलं की नवरात्र आठवतं, कुमारिकापूजन आठवतं. थेट कन्याकुमारीच आठवा ना. बाणासुराला कुमारिकेच्याच हातून मरण होतं, म्हणून देवीचं लग्न मोडावं लागलं. कौमार्य आणि युद्ध यांची सांगड आपल्याला परकी नाही. जोनचीही १४२९मध्ये बायकांकडून तपासणी करवली होती, कारण समज असा की कुमारिकेवर सैतानाचा ताबा चालत नाही. तपासणीत उतरली, मग फौज मिळाली. ‘मेड’मधला हा अर्थ मुलगी, पोर, तरुणी यांत कशातच येत नाही.

पटवेडी :
‘ओर्लेआँची कुमारिका’, म्हणजे तिने वेढ्यातून सोडवलेल्या शहराची. मावतंय. एक मिटलं.

आता आवाज.

विंगेतून :
आकाशवाणी! ...आणि लगेच ‘पुणे केंद्र, सकाळचे सात वाजून पाच मिनिटं’.

बारीकअक्षर :
‘दृष्टांत’ का नाही? ‘देवीने दृष्टांत दिला’ हे आपण रोज म्हणतो.

शास्त्रीबुवा :
दृष्टांत बहुधा स्वप्नात होतो. तिचं वर्णन वेगळं आहे, जबानीतच आहे. वय तेराच्या आसपास, उन्हाळा, भर दुपार, वडिलांची बाग. उजव्या हाताला, चर्चच्या बाजूने, आवाज आला आणि त्या बाजूला उजेड होता. पहिल्या वेळी खूप भीती वाटली. इतकं तपशिलात सांगते, दिशेसकट. नंतर ते सेंट मायकल, सेंट कॅथरीन, सेंट मार्गारेट असल्याचं सांगते, पण सुरुवात नुसत्या आवाजाने होते.

आणि पटवेडीताई, इथे शब्द निवडणं म्हणजे निकाल देणं आहे. ‘दृष्टांत’ लिहिलंत की तुम्ही तिच्या बाजूच्या झालात. ‘भास’ लिहिलंत की डॉक्टरच्या. ‘झपाटलेली’, ‘अंगात आलेली’ लिहिलंत की मुख्य न्यायाधीश बिशप कोशाँच्या शेजारी खुर्ची टाकून बसलात. खटला नेमका याच एका गोष्टीवर चालला आहे. म्हणून तिच्या तोंडी ‘आवाज’ ठेवा आणि बाकीच्या शब्दांनी एकमेकांशी भांडू दे : चाहत्या शिपायाच्या तोंडी दृष्टांत, न्यायाधीशाच्या तोंडी सैतानी भूल.

पटवेडी :
हे फार आवडलं. तसंच करते. हेरेटिकला सरळ पाखंडी? की चेटकीण? वर्तमानपत्रांत नेहमी ‘चेटकीण ठरवून जाळलं’ असंच येतं.

मांडवीकाठ :
चेटकीण नको. चेटुकाचे आरोप सुरुवातीच्या सत्तर कलमांत होते, ती परीच्या झाडाची गोष्ट वगैरे. नंतर सत्तरची बारा झाली आणि शिक्षा झाली ती धर्मश्रद्धेवरून. रुआँच्या बाजारात ३० मे १४३१ला नेलं तेव्हा डोक्यावर कागदी टोपी होती, तिच्यावर चार शब्द : पाखंडी, पुन्हा पतित, धर्मत्यागी, मूर्तिपूजक. त्यातला दुसरा शब्द सर्वांत जीवघेणा. पहिल्यांदा चुकलेल्याला चर्च कैदेवर सोडी. कबुली देऊन परत उलटला तर मात्र जाळायला देत. तिने २४ मेला कबुलीवर खूण केली होती. तो कागद सात-आठ ओळींचा होता असं नंतर साक्षीदार म्हणाले, दप्तरात मात्र लांबलचक मजकूर आहे. चार दिवसांत ती पुन्हा पुरुषी कपड्यांत दिसली, आणि आवाज परत आले म्हणाली. संपलं.

आम्हां गोंयकारांना ही भाषा ओळखीची आहे. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आमच्याकडे १५६०ला आलं ते मधली चार वर्षं सोडली तर १८१२पर्यंत होतं. जुन्या गोव्यातल्या त्यांच्या वाड्याला लोक नाव घेऊन बोलवत नसत, ‘ओर्लें घर’ म्हणत, म्हणजे मोठं घर. तिथेही ‘पुन्हा उलटलेला’ हाच सर्वांत मोठा गुन्हेगार.

बारीकअक्षर :
पण आजच्या मराठीत पाखंडी म्हणजे ढोंगी. प्रेक्षकाला वाटेल, तिच्यावर भोंदूगिरीचा आरोप आहे.

शास्त्रीबुवा :
ढोंगी हा अर्थ हिंदीच्या शेजाराने बळावला. मराठीत पाखंड म्हणजे वेदबाह्य, धर्माविरुद्धचं मत. तुकोबांना पाखंडाचं खंडन करायचं आहे ते याच अर्थाने. त्याच्याही मागे गेलात तर अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या लेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कुठलाही. राजा सर्व पासंडांचा मान राखतो, आपल्या पासंडाची स्तुती आणि दुसऱ्याच्याची निंदा करू नये, असं तिथे कोरलं आहे. हेरेसीचं मूळ ग्रीक ‘हाइरेसिस’, अर्थ निवड, त्यावरून मतप्रवाह. दोन्ही शब्द साध्या ‘पंथ’पासून निघाले आणि दोन्ही शिवी होऊन बसले. इतका जुळणारा जोड क्वचित सापडतो. धर्मद्रोही हा पर्याय आहे, पण त्याला देशद्रोहीचा वास येतो आणि इथे तो घोळ नको. तिला पकडलं इंग्रजांना मिळालेल्या फ्रेंच सरदाराच्या, बर्गंडीच्या ड्यूकच्या माणसांनी, दहा हजार लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेऊन विकलं इंग्रजांना, न्याय करायला बसले फ्रेंच धर्मपंडित. देश कुणाचा, द्रोह कुणाचा?

पाखंडीच ठेवा. न्यायाधीश बोलताना दिसतोय, ढोंगी हा अर्थ फार वेळ टिकणार नाही.

मांडवीकाठ :
आणि दुसऱ्यासाठी ‘उलटलेली पाखंडी’. ‘पतित’ने भलतंच काही डोळ्यांपुढे येईल.

विंगेतून :
मार्टरला हुतात्मा. सावरकरांनी शब्द घडवला तेव्हा त्यांच्यासमोर जोन नसेल, पण हुत म्हणजे होमात दिलेलं. अक्षरशः लागू पडतो.

बारीकअक्षर :
अक्षरशः लागू पडतो म्हणूनच जपून! पुण्या-मुंबईत हुतात्मा म्हटलं की आधी फ्लोरा फाउंटन दिसतं. बरं, चर्चने १९२०मध्ये तिला संतपद दिलं ते कुमारिका म्हणून, धर्मासाठी मेलेली म्हणून नव्हे. साहजिक आहे, जाळलं होतं चर्चच्याच न्यायालयाने. १४५६मध्ये तो निकाल रद्द केला, पण हुतात्मा म्हणायचं तर मारणारा कोण तेही सांगावं लागतं.

विंगेतून :
प्रेक्षक काही व्हॅटिकनमधून येणार नाहीयेत. लोक तिला हुतात्मा मानतात ना? चित्रपटही मानतो.

शास्त्रीबुवा :
इथे मी विंगेतून यांच्या बाजूने. चित्रपटातलं पात्र म्हणत असेल तर हुतात्मा. मंडळाच्या माहितीपत्रकात लिहिताना मात्र ‘संत’ लिहा, ती अधिकृत पदवी आहे.

पटवेडी :
झालं तर मग. शेवटचं एक : जाळतात तो प्रसंग. ‘चितेवर’ लिहिलंय मी.

मांडवीकाठ :
चिता मेलेल्याची. जिवंत बाई चितेवर म्हटलं की आपल्याकडे सती दिसते आणि मग सगळा अर्थच फिरतो, जणू ती स्वतःहून चढली.

शास्त्रीबुवा :
सरणही नको, त्याच कारणाने. ‘खांबाला बांधून जिवंत जाळा’. एका ओळीत बसतं.