मदत हवी आहे: आईला साक्षीसाठी समन्स आलंय, कोणाशी बोलायचं?

पाऊसवेडी:
नमस्कार, जरा लांबलचक होईल पण वाचा प्लीज. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांना बेदम मारहाण झाली, डोक्याला टाके पडले, हाताचं हाड मोडलं. आईने सगळं गॅलरीतून पाहिलं. पोलिसांनी तेव्हाच जबाब घेतला, मग सगळं थंड, आणि आता एकदम सेशन्स कोर्टाचं समन्स! आरोपी जामिनावर सुटलाय हेही तो रस्त्याने जाताना दिसला तेव्हा कळलं, खुद्द काकांनाही कोणी कळवलं नव्हतं. त्याचा मेव्हणा घरी येऊन आईला म्हणाला, "मावशी, तुमचं वय झालं, नीट दिसलं नाही म्हणा ना, कशाला भानगडीत पडता." अगदी गोड आवाजात. आई साक्ष देणारच म्हणते, पण तिची झोप उडालीये. सारखं तेच, मी जबाबात नेमकं काय सांगितलं होतं, शर्टाचा रंग चुकला तर मलाच खोटं पाडतील का. तिला तो जबाब वाचायला मिळतो का? सरकारी वकिलांना आधी भेटता येतं का, आणि या मेव्हण्याचं काय करायचं? पोलीस ठाण्यात विचारलं तर "कोर्टात विचारा" म्हणतात, कोर्टात कोणाला विचारायचं तेच कळत नाही.

काळा_कोट:
ताई, आधी मेव्हण्याचं बघा, बाकीचं नंतर. गोड बोलून असो की दरडावून, साक्ष फिरवायला लावणं साधं नाही. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली गुन्हा आहे. तो कधी आला, काय बोलला, घरात कोण होतं ते आजच लिहून काढा आणि लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या, एक प्रत सरकारी वकिलांना. साक्षीदारांवर दबाव आणू नये ही अट जामिनाच्या आदेशात बहुतेक वेळा असते, ती मोडली असेल तर जामीन रद्द करा असा अर्ज करता येतो.
दुसरं, साक्षीदार संरक्षण योजना 2018. सुप्रीम कोर्टाने ती 5 डिसेंबर 2018 ला मान्य करून देशभर लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा, मग पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात आणि गरजेप्रमाणे घराजवळ गस्त, कोर्टापर्यंत सोबत असं काही मिळू शकतं. पोलीस स्वतःहून हे सांगतील याची वाट बघू नका, मागावं लागतं.
जबाबाचं म्हणाल तर सरकारी वकिलांना तारखेच्या आधी नक्की भेटा. समन्सवर कोर्ट आणि केस नंबर आहे, त्यावरून वकील कोण ते कोर्टातला पैरवी अधिकारी, म्हणजे केसच्या कामासाठी कोर्टात नेमलेला पोलीस, सांगेल. वकील त्यांच्या ऑफिसात जबाब वाचून दाखवतात. मात्र पोलीस ठाण्यात बसवून साक्ष पाठ करून घेत असतील तर साफ नाही म्हणा, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने असल्या प्रकारावर कडक ताशेरे ओढलेत. आणि उलटतपासात, म्हणजे आरोपीचा वकील प्रश्न विचारतो तेव्हा, "जबाब वाचून आलात का" असं विचारलं तर सरळ हो म्हणायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जुना_पंच:
मी पंच म्हणून साक्ष दिलीये म्हणून सांगतो. आधी बाहेर बाकड्यावर ताटकळत बसावं लागतं, कधी आरोपीची माणसं समोरच बसलेली असतात, तेव्हा आईंना एकटं पाठवू नका. पुकारा झाला की आत. आधी सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, मग उलटतपास. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, अंदाजाने रंग सांगायचा नाही. टाइप झालेली साक्ष सही करण्याआधी नीट वाचा, चुकीचं उतरलं असेल तर तिथल्या तिथे जजसाहेबांना सांगा. आणि प्रवासखर्चाचा भत्ता मागा, साक्षीदारासाठी तशी तरतूद आहे.

पाऊसवेडी:
खूप आभार दोघांचे! आईला वाचून दाखवलं, अर्ज उद्याच देते. पण काकांचं काय? फिर्यादी तेच, आणि केसचं काहीच कळत नाही म्हणून ते फार खचलेत.

काळा_कोट:
काकांना तर तुमच्या आईपेक्षा जास्त हक्क आहेत. 1 जुलै 2024 पासून फौजदारी केस कशी चालवायची याचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे, तिच्यात तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवायचंय, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. काकांनी स्वतःचा वकील दिला तर चार्जशीटची प्रत मिळते, कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलांना मदतही करू शकतो. जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं ऐकलं पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या लखीमपूर खेरी निकालात स्पष्ट झालंय, आणि आरोपी सुटला तर अपील करायचा हक्क काकांना स्वतःला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 ला फोन करा. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकून घरबसल्या दिसतात.
आणि एक राहिलंच. आरोपीसमोर बोलायला आईंना फारच भीती वाटत असेल तर असुरक्षित साक्षीदारांसाठीची वेगळी खोली मागता येते, धोका असलेले साक्षीदारही त्यात धरलेत. हा अर्ज सरकारी वकिलांमार्फत तारखेच्या आधीच टाका, ऐनवेळी नको.