एकच सी प्रोग्राम लॅपटॉपवर थांबतो, रास्पबेरी पायवर थांबतच नाही

खटपट्या:
वडिलांची भजनांची वही टाइप करून ठेवलीय, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत). त्यातली अक्षरं मोजायला सीमध्ये दहा ओळी खरडल्या. गेटचारने एकेक बाइट वाचायचा, चार टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा (चार म्हणजे आकडा नव्हे!), ईओएफ (फाइल संपल्याची खूण) आला की थांबायचं. इंटेलच्या लॅपटॉपवर झटकन उत्तर आलं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लावला, जेवून आलो, तरी चालूच. कोड तोच, जीसीसी कंपायलरही तोच. माशी शिंकली कुठे?

जुनाखोंड:
साधा चार साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) की अनसाइन्ड (ऋण न धरणारा), हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. इंटेलवर साइन्ड, पायमध्ये असतो त्या आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाइन्ड. ईओएफ बहुतेक ठिकाणी -१. पायवर तो चारमध्ये कोंबला की २५५ होतो. मग -१ शी जुळणार कसा?

खटपट्या:
साइन्ड चार लिहिलं, पायवरही थांबला! पण स्टँडर्डवाल्यांना एवढंही ठरवता येऊ नये?

जुनाखोंड:
थांबला तो नशिबाने. यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट येतच नाही. जुन्या फॉन्टच्या फाइलीत निघाला, तर प्रोग्राम अर्ध्या भजनातून उठेल. गेटचार इंट देतं, इंटमध्येच घ्या.
आता तुमचा राग. जुन्या पीडीपी-११ कॉम्प्युटरवर बाइट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये घेतला की चिन्हासकटच यायचा, तिथे साइन्ड सोयीचं. आयबीएमच्या एबसिडिकमध्ये (अक्षरांना आकडे द्यायची त्यांची पद्धत) कॅपिटल ए म्हणजे १९३. मूळ अक्षरं (इंग्रजी अक्षरं, अंक वगैरे) ऋण नसावीत अशी स्टँडर्डची अट, म्हणजे तिथे ८ बिटांचा चार अनसाइन्डच हवा. १९८९ च्या स्टँडर्डने कुणा एकाची बाजू घेतली असती, तर दुसऱ्याचा चालता कोड मोडला असता. म्हणून हे 'इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड': कंपायलरने ठरवायचं, पण मॅन्युअलमध्ये लिहूनही द्यायचं. 'अनडिफाइन्ड'मध्ये तेवढंही बंधन नसतं.

कोपऱ्यातला:
आर्म म्हणजे अनसाइन्ड, असंही धरून चालू नका. ॲपलच्या आर्म मॅकवर साइन्डच आहे. आणि इजअल्फाला (हे अक्षर आहे का, ते सांगणारं फंक्शन) मराठी बाइट तसाच देऊ नका. 'अ'चा पहिला बाइट २२४, साइन्ड चारमध्ये -३२. ते मात्र खरंच अनडिफाइन्ड. आधी अनसाइन्ड चारमध्ये कास्ट करा, म्हणजे टाइप बदलून घ्या.

खटपट्या:
इंट केलं, दोन्हीकडे आकडा जुळला. पण फाइलीत नुसतं 'श्री' ठेवलं तर १३ अक्षरं दाखवतोय. हाही स्टँडर्डचाच प्रताप?

जुनाखोंड:
नाही हो, हा तुमचा. तुम्ही अक्षरं नव्हे, बाइट मोजताय. श, हलन्त, र, दुसरी वेलांटी, प्रत्येकी ३ बाइट. तेरावा ओळीच्या शेवटचा न्यूलाइन.