मदत हवी आहे: थंडीतल्या 200 किमी राईडसाठी लाईट आणि जर्कीन

नमस्कार मंडळी. जानेवारीत पहिली 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) करायची आहे. वेळ साडेतेरा तास, सुरुवात पहाटे अंधारातच. सरावासाठी दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगावमार्गे बारामती आणि परत असं ठरवलंय.

आमच्या सायकलवाल्या काकांकडे सर्व्हिसिंगला गेलो होतो. थंडीत धूळ फार, म्हणून चेनला पावसाळ्यातलं घट्ट तेल नको, ड्राय ल्यूब वापरा, असं ते म्हणाले. मला पटलं. 25 मिमी रुंदीचे टायर काढून 28 चे घाला आणि हवा थोडी कमी ठेवा, हेही पटलं.

लाईटवर मात्र आमचं जमत नाही. काकांच्या मते 400 ल्युमेनचा पुढचा दिवा पुरे. पण सध्या गाळपाचा हंगाम चालू आहे. त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या अंधारात चालतात, कित्येकींना मागे दिवा तर सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसतो. रस्त्यावर पडलेला ऊसही लांबून दिसायला हवा. मला खरी काळजी याचीच वाटते. तुम्ही किती ल्युमेनचा वापरता? चार्जिंग किती तास टिकतं? मागे एक दिवा पुरतो की दोन लावता?

दुसरं म्हणजे कपडे. पहाटे बोटं बधिर होतात आणि दहा वाजता घामाच्या धारा. बाह्या नसलेलं विंडचीटर आणि आर्म वॉर्मर, की पूर्ण जर्कीन? काढल्यावर जर्सीच्या खिशात मावेल असंच सुचवा.

बजेट दोन्ही मिळून पाच हजार. स्वतः वापरलेल्या वस्तूंबद्दलच सांगा, प्लीज.