गरोदर नसतानाही ‘डोहाळे’ लागतात का?

प्रश्न शब्दाचाच आहे, पण थोडं घरचं सांगावं लागेल. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला मूल हवंय, बरीच वर्षं हवंय. मला एक मुलगी आहे. परवा फोनवर ती म्हणाली, “मला डोहाळे लागलेत गं. फक्त दिवस गेलेले नाहीत.” आणि हसली. मीही हसले, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, म्हणाले, “अगं ताई, डोहाळे गरोदर बाईलाच लागतात.” व्याकरण शिकवायची हीच वेळ सापडली मला! पलीकडे जरा शांतता, मग तिनं विषय बदलला.

ते मी निस्तरेन. पण तिचा प्रयोग खरंच चूक होता का? आणि मूल पोटात येण्याच्या आधीचं जे हवंसं वाटणं असतं, त्याला मराठीत वेगळा शब्द आहे का? ‘मातृत्वाची आस’ नको, ते मासिकातल्या मथळ्यासारखं वाटतं.

प्रतिसाद १

चूक अजिबात नाही. मंत्रिपदाचे डोहाळे लागलेले पुरुष रोज पेपरात भेटतात, त्यांना कोणी कितवा महिना म्हणून विचारत नाही. भिकेचे डोहाळेही आहेतच.

प्रतिसाद २

वरचं खरं, पण त्या लाक्षणिक अर्थाला टोमण्याचा वास आहे. जे झेपणार नाही किंवा जे अंगाशी येईल, त्याचे डोहाळे. ताईंच्या वाक्यात टोमणा नव्हता. त्यांचा अर्थ मला जुना वाटतो.

डोहाळा, आधीचं रूप डोहळा, संस्कृतात दोहद. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीराविषयीच्या भागात, म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती बाई दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’. तिला जे खावंसं वाटतं ते त्या दुसऱ्या हृदयाचं मागणं. दुसरी व्युत्पत्ती ‘दुर्हृद्’कडे बोट दाखवते, म्हणजे जीव बिघडणं, मळमळणं. ज्यांनी नऊ महिने काढलेत त्यांना दोन्ही पटतील.

इथपर्यंत तुमचं बरोबर, डोहाळे गरोदर बाईचे. पण संस्कृत काव्यात दोहद झाडांनाही असतं. अशोकाला तरुणीच्या पायाचा आघात लागतो, बकुळीला तिच्या तोंडातल्या मद्याची चूळ, तेव्हा ती झाडं फुलतात. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त तिसऱ्या अंकाचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. अशोक फुलत नाही. लाथ मारायचा मान राणी धारिणीचा, पण ती झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावलाय. म्हणून ती आपल्या दासीला, मालविकेला पाठवते. पुढची प्रेमकथा सोडा. आपल्या कामाचं एवढंच, की त्या अशोकाला अजून कळीसुद्धा नाही, आणि दोहद मात्र आहे. इथे डोहाळे आधी येतात, बहर मागून.

ताईंनी बाईचा शब्द झाडाच्या अर्थानं वापरला. त्यांना ठाऊक होतं की नाही, त्यानं काही बिघडत नाही.

प्रतिसाद ३

माहिती छान आहे, पण झाडाची उपमा मला नको. बायकांना झाडं आणि जमिनी म्हणायची सवयच आपल्याला नडलीय. ‘वांझ’ घ्या. वन्ध्या, प्राकृतात वंझा, मग वांझ. झाडाला, गाईला, जमिनीला लावायचा तोच शब्द बाईला. निष्फळ बैठकीला ‘वांझोटी चर्चा’ म्हणणारे सुशिक्षित लोक मी समोर बसून ऐकलेत, आणि मी त्या वेळी उपचार घेत होते. (नंतर थांबवले. त्याबद्दल विचारू नका.) आणि हा शब्द पुरुषाला कोणी लावत नाही, हे कोणाच्या लक्षात तरी येतं का? पुरुषाला जे शब्द आहेत ते त्याच्या मर्दानगीवर बोलतात, मूल न होण्यावर नाही.

‘निपुत्रिक’मध्ये पुत्र बसलाय, लेकीला जागाच नाही. ‘विनापत्य’ स्थळांच्या जाहिरातीत. त्या मानानं ‘वंध्यत्व’ हा दवाखान्यातला शब्द मला सभ्य वाटतो, कारण तो दोघांनाही लागू होतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या साधी आहे: 12 महिने किंवा अधिक काळ नियमित, गर्भनिरोधकाविना संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणं. याच संघटनेच्या 2023च्या अहवालाप्रमाणे जगातल्या साधारण दर 6 प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. इतक्या लोकांचा अनुभव, आणि त्याची सगळी नावं बाहेरून चिकटवलेली. काय नाही ते सांगणारी. काय हवंय ते सांगणारं एकही नाही. तुमच्या ताईंना डोहाळे म्हणू द्या.

मूळ प्रश्न विचारणारी

पटलं. ‘असोशी’ चालेल का? मला तो शब्द फार आवडतो.

प्रतिसाद ४

‘असोशी’त भुकेची घाई आहे. पंगतीत पहिल्या वाढपाला जी असते ती. वर्षानुवर्षं पुरणारी गोष्ट ती नव्हे. ‘सोस’ तर मुळीच नको, ‘मुलाचा सोस’ म्हटलं की बोलणारा नाक मुरडून उभा दिसतो. ‘हौस’ फार हलका. ‘ओढ’ जवळचा, पण त्यात एक गंमत आहे. ओढ लागायला पलीकडे कोणीतरी ओढणारं लागतं. माहेरची ओढ म्हणतो तेव्हा माहेर असतं. इथे पलीकडचं अजून जन्मलेलंच नाही. तरी ओढतं, असं जिला वाटतं तिनं खुशाल ओढ म्हणावं.

प्रतिसाद ५

विषय थोडा बदलते. आमच्या घरी कन्नड बोलतात. आईची थोरली बहीण ‘दोड्डम्मा’, म्हणजे मोठी आई, आणि धाकटी ‘चिक्कम्मा’, छोटी आई. तामिळमध्येही पेरियम्मा, चिन्नम्मा. तिथे आईची बहीण नावानंच आई असते. तुमच्या मुलीनं ताईंना थोरली आई म्हटलं तर?

मूळ प्रश्न विचारणारी

मनात आलं होतं. पण ते मी देऊ केलेलं असेल, तिनं मागितलेलं नाही. सांत्वनाचं बक्षीस वाटेल. आणि खरं सांगायचं तर, मला स्वतःलाही जरा टोचेल. हे इथे लिहितेय, तिच्याशी बोलणं जमलेलं नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

नवीन नाव कशाला, ‘मावशी’त आई आहेच. मातृष्वसा, म्हणजे आईची स्वसा. स्वसा हा बहिणीचा फार जुना शब्द, लॅटिनमधला सोरोर त्याच कुळातला. मराठीत तो टिकला नाही, त्याची जागा ‘भगिनी’वरून आलेल्या ‘बहीण’नं घेतली. हिंदी-गुजरातीत आत्याच्या नावात, फूफी आणि फोईत, त्याचा अवशेष सांगतात; आपली आत्या वेगळ्या मुळाची. मराठीत स्वसा उरली ती एकट्या मावशीत, ‘मा’च्या पाठीला पाठ लावून. त्यातला ‘श’ तिचाच.

उलट दिशेनं मात्र भाषा कंजूष आहे. मावशीनं बहिणीच्या मुलीला काय म्हणायचं? भाची. भावाच्या मुलीलाही भाचीच. मावशीच्या बाजूनं खास असं काहीच ठेवलेलं नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

‘माय मरो पण मावशी जगो’ अजून कोणी कसं काढलं नाही?

प्रतिसाद ३ (पुन्हा)

कारण त्या म्हणीत मावशीला बढती मिळायला बहिणीला मरावं लागतं. दोघी जगतील अशी म्हण असेल तर काढा.

मूळ प्रश्न विचारणारी

काल रात्री ताईला अशोकाचा मजकूर जसाच्या तसा पाठवला. वर लिहिलं, “तुझा प्रयोग बरोबर होता, माझा चुकला.” बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच. साडेअकराला उत्तर आलं:

“मग लाथ मारायला कधी येतेस?”

शनिवारी जातेय. मुलीलाही नेतेय, तिची लाथ माझ्यापेक्षा जोरात बसते.