कोविडमध्ये वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना, सेटवरच्यांना मदत नक्की कशी पोचली? (ग्रुपचा फंड काढायचाय)

धा_धीं_ना

नमस्कार मंडळी. विषय जुना झालाय, पण आमच्या ग्रुपमध्ये सध्या त्यावरनं रोज वाजतंय म्हणून इथे टाकतोय. मी तबला वाजवतो, जास्त करून साथ, म्हणजे भावगीतं, अभंग, ऑर्केस्ट्रा, लग्नातली संध्याकाळ, जे येईल ते. पुण्यातले आम्ही चाळीसेक जण आहोत, गाणारे, वाजवणारे, साउंड, लाइट, दोन निवेदक, आणि ठरलंय असं की प्रत्येक कार्यक्रमाच्या पाकिटातनं २०० रुपये बाजूला काढायचे नि फंड करायचा, म्हणजे परत तसलं काही आलं तर २०२० सारखी वेळ येऊ नये.

माझं तेव्हाचं सांगतो. गुढीपाडवा २५ मार्चला होता, बरोब्बर लॉकडाऊनचा पहिला दिवस. मी पाडव्याचे दोन कार्यक्रम घेतले होते, पहाटे साडेपाचला एक नि साडेनऊला दुसरा, दोन्हीचा अ‍ॅडव्हान्स आला होता आणि त्यातनं मी डग्ग्याला नवी पुडी (वरचं चामडं) टाकून मोकळा झालो होतो. एका आयोजकाने पैसे परत मागितले, हातउसने घेऊन दिले. दुसरा म्हणाला राहू दे, पुढच्या पाडव्याला वाजव. (पुढचा पाडवाही गेलाच, पण त्या माणसासाठी मी आजही फुकट वाजवीन.) मग थेट ५ नोव्हेंबर २०२०, थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, जरा हात चालायला लागला तोवर एप्रिल २०२१ ला परत कुलूप, ते २२ ऑक्टोबरपर्यंत.

आता भांडण. निम्मे म्हणतात फंड सगळ्यांना सारखा वाटायचा, निम्मे म्हणतात गरज बघून. मला विचारायचंय की तुमच्यापैकी ज्यांना तेव्हा काही मिळालं त्यांना कुठून, कसं, किती दिवसांनी मिळालं. आणि ज्यांना नाही मिळालं त्यांना का नाही. प्लीज राजकारण नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

वायर_गुंडाळणारा

मी साउंडवाला. तुझ्या चाळीसात आमचेही लोक धरलेस हे वाचून बरं वाटलं, नाहीतर कलाकार म्हटलं की माइकच्या पुढचा तोच कलाकार आणि मागचा तो हमाल.

मला काय मिळालं? हप्ता पुढे ढकलून मिळाला. २०१९ च्या दिवाळीत डिजिटल मिक्सर आणि चार टॉप (वरचे स्पीकर) कर्जावर घेतले होते. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने सवलत दिली, आधी तीन महिने मग ऑगस्टअखेरपर्यंत, आम्ही म्हटलं सुटलो. अरे पण हप्ता थांबला, व्याजाचं मीटर चालूच की! व्याजावरचं व्याज तेवढं नंतर खात्यात परत आलं, माझं किती आलं ते सांगत नाही, दोन चहा नि एक क्रीमरोल झाला एवढं समज. आणि जूनमध्ये गोडाऊन उघडलं तर उंदरांनी मल्टीकोर (स्टेजवरनं मिक्सरकडे येणारी जाड केबल) मधोमध कुरतडलेली, खर्जाच्या स्पीकरवर बुरशी, आणि मी तिथे खाली बसून एकेक जॅक साफ करतोय, कुणासाठी ते माहीत नाही. तेव्हा टेम्पोतली साउंडची खोकी उतरवून कांदे-बटाटे भरले. मार्केट यार्ड बंद होतं तेव्हा थेट शेतकऱ्याकडनं माल उचलून बाणेर-वाकडच्या सोसायट्यांच्या गेटवर विकला. साउंड चेक म्हणून भोंग्यावर ‘कांदे घ्या’ ओरडायचो, आवाज क्लिअर होता.

मग ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारचं आलं, ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५ हजार, एकदाच. दीड वर्षांनी. बरं, तेही चालेल म्हणून चौकशीला गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला पुरावा आणा, इतकी वर्षं या क्षेत्रात आहात त्याचा, हँडबिल, कात्रण, काहीही. घरी येऊन पेटी उपसली. अठरा वर्षांची हँडबिलं. गायिका, हार्मोनियम, तबला, निवेदन, संहिता, ‘विशेष सहकार्य’ म्हणून मिठाईवाला सुद्धा. ध्वनी फक्त तीन कागदांवर, त्यातल्या एकावर माझं नाव चुकीचं छापलेलं. फॉर्म भरलाच नाही शेवटी.

सारखे की गरज बघून हे भांडण नंतर घाला. आधी वही करा, कोण कोण आहे त्याची.

शिट्टी_वाजली

५००० मध्ये दीड वर्ष. म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नाहीत. वडापाव पण नाही आला त्यात.

फोकस_सुटला

मी कॅमेरा डिपार्टमेंटला, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा), राहायला धनकवडी पण काम मुंबईत, म्हणजे सिंहगडवर (गड नव्हे एक्सप्रेस) अर्धं आयुष्य. सिनेमा-मालिकांचं सांगतो कारण आमच्याकडे गणित वेगळं आहे.

१९ मार्चपासून शूटिंग थांबलं. आमच्याकडे पेमेंट नव्वद दिवसांनी येतं हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. म्हणजे मार्चमध्ये काम बंद झालं तेव्हा मला डिसेंबर-जानेवारीचे पैसे यायचे होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात आमची मागणी मदतीची नव्हतीच, आमचेच पैसे द्या एवढीच होती. एका प्रॉडक्शनने (नाव घेत नाही, अजून काम करायचंय) ‘ऑफिस बंद आहे, चेकवर सही कोण करणार’ म्हणत जुलै उजाडवला. माझ्याबरोबरचा सेटिंगचा दादा त्या पैशांवर मुलीची फी धरून बसलेला.

आता मदत. ज्यांच्याकडे युनियनचं कार्ड होतं त्यांना पोचली, हे मान्य करायला पाहिजे. सिने कामगार संघटनांच्या फेडरेशनकडे खाते नंबरांसकट यादी होती, त्यामुळे सलमान खानने पैसे दिले ते एप्रिलमध्येच थेट कामगारांच्या खात्यात पडले. नेटफ्लिक्सने प्रोड्यूसर्स गिल्डच्या (निर्मात्यांच्या संघटनेच्या) फंडाला साडेसात कोटी दिले, ते पण रोजंदारीवाल्यांसाठी. चार क्लिकमध्ये काम, फोटो नाही, रांग नाही. पण कार्ड काढायला पैसे पडतात, पुण्यातली कितीतरी पोरं बिनकार्डाची जाऊन वरच्या वर काम करतात, ती सगळी बाहेर.

आणि केंद्राचा कायदा होता तेव्हा सिने कामगार कल्याण निधीचा, १९८१ चा. त्यात सिने कामगार कोण, तर किमान पाच फीचर फिल्मवर काम केलेला. आमच्यातला निम्मा माणूस मालिका, जाहिराती नि वेबवर जगतो. हजार एपिसोड केलेत, पिक्चर दोन. मी कोण मग?

अजून एक. मे २०२० च्या अखेरीस शूटिंग सुरू करायला परवानगी आली त्यात ६५ च्या वरच्यांना सेटवर मनाई. आजोबा-आजीची कामं करणाऱ्या लोकांचं पोट त्यावरच. ७ ऑगस्टला हायकोर्टाने ते रद्द केलं म्हणून, नाहीतर मालिकांमध्ये आजोबा कायमचे काशीला. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये इथे शूटिंग बंद केलं तर मालिका उचलून गोव्याला नेल्या. ज्यांना बरोबर नेलं ते वाचले. मला नाही नेलं, माणसं कमी न्यायची होती.

पेठेतला_पेन्शनर

सर्वांच्या कष्टांबद्दल आदर ठेवून एक विचारतो, राग मानू नये. काम तर सगळ्यांचंच गेलं होतं. आमचा रिक्षावाला, कामवाल्या मावशी, रसवंतीवाला. मग कलाकारांना वेगळी मदत का? माझा भाचा हॉटेलात होता त्याला कुणी विचारलं नाही.

फोकस_सुटला

काका राग नाही. पण तुमचंच उदाहरण घ्या. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने परवानाधारक रिक्षावाल्यांना १५०० दिले, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना, घरकामगारांना पण. कमीच होते, पण त्यांच्याकडे परमिट किंवा नोंदणी होती म्हणून त्यांची नावं तरी सरकारला माहीत होती. तबलजीचं परमिट कुठल्या आरटीओत मिळतं? आणि तुमच्या भाच्याची नोंद कुठेच नसणार, म्हणून तोही आमच्यातलाच.

पेठेतला_पेन्शनर

हे लक्षात नव्हतं आलं. भाच्याला विचारतो.

वगातली_मावशी

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, भाऊ तमाशाच्या फडात ढोलकीला होता म्हणून लिहिते. तुम्ही लोक पाडव्याचे दोन कार्यक्रम गेले म्हणून रडताय. नारायणगावात पाडव्याच्या तोंडावर फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि चैत्र-वैशाखातल्या त्या महिना-दीड महिन्यावर अख्ख्या वर्षाचा हिशोब. २०२० ला नेमका तोच महिना गेला आणि २०२१ ला पण तोच गेला.

आणि तमाशात उचल असते. कलाकार मालकाकडनं उचल घेतो, मालक सावकाराकडनं. काम झालं तर उचल फिटते. काम नाही झालं तर फिटत नाही, एवढंच, माफ नाही होत. भावाने एक लाखाची उचल घेतली होती घर शाकारायला. दोन वर्षं गाड्या शेडमध्ये उभ्या, पडदे उंदराने खाल्ले, तो कांद्याच्या बराकीवर मजुरीला जायचा. ढोलकी वाजवणाऱ्याची बोटं, बराकीत पोती उचलून सुजायची. पाच किलो धान्य फुकट मिळायचं त्याने पोट भरलं, ते खरं.

सरकारची मानधन योजना आहे, वृद्ध कलावंतांची, पण पन्नाशीच्या पुढच्यांना. जिल्ह्याच्या दर्जाला तेव्हा महिना २२५०, राज्याच्याला २७००, राष्ट्रीयला ३१५०. आता २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० झाले. आईला मिळायचे त्यावर सहा माणसं जगली. पण तिशीतली नाचणारी बाई, तिने काय पन्नाशीची वाट बघायची? चाळीशीला तर तिला फडात कुणी उभं करत नाही.

किटवाले पण यायचे, डाळ-तांदूळ-तेल, घेताना फोटो. एका पोरीने पदर तोंडावर घेतला तर म्हणे ताई चेहरा दिसू द्या.

काळी_पाच

मावशी, वाचून गलबललं.

मी शास्त्रीय गाते, शिकवते, कर्वेनगर. मी बऱ्यापैकी तरले हे आधीच सांगते, कारण क्लास ऑनलाइन गेले आणि फी येत राहिली, उलट अमेरिकेतले दोन विद्यार्थी वाढले. २०२० ला सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही, छोट्या बैठका तर सगळ्याच गेल्या, तरी फीवर घर चाललं. पण धा_धीं_ना जे आहेत त्या जागी असणाऱ्यांचं काय झालं ते जवळून बघितलंय. ऑनलाइन साथ होत नाही हो. नेटवरनं आवाज पोचेपर्यंत जो उशीर होतो त्यात समच (तालाची पहिली मात्रा) सापडत नाही, आम्ही एकदा विलंबित एकतालात प्रयत्न केला, मी समेवर आले तेव्हा ते तेराव्या मात्रेवर होते (एकतालात बाराच मात्रा, तेरावी नसते, म्हणून तर सांगतेय). मग सगळ्यांनी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, तबल्याचं अ‍ॅप लावलं. म्हणजे गाणाऱ्यांना थोडं तरी काम मिळालं, साथीदाराला अ‍ॅपने बाहेर काढलं. फंड वाटताना हे बघा. सगळ्यांचं नुकसान सारखं नव्हतं.

आणि मदत घेत नाहीत लोक, हाही एक भाग. माझ्या नेहमीच्या संवादिनीवाल्या काकांना मी पैसे द्यायला गेले तर चहा पाजून परत पाठवलं. मग सुचलं, सांगितलं की पुढच्या चार बैठकांची बिदागी आत्ताच देते, तारखा नंतर बघू. लगेच घेतले. वहीत लिहूनही घेतले, ‘येणे चार बैठका’. त्यातल्या तीन झाल्या, चौथीला ते नव्हते.

लीड्सला_पडीक

मूळचा सहकारनगरचा, २०१८ पासून इंग्लंडात, इथे एका बँडमध्ये बेस वाजवतो. इथे जुलै २०२० ला कल्चर रिकव्हरी फंड आला, १.५७ अब्ज पौंडांचा, गाजावाजा खूप, पण तो मुख्यतः संस्थांना, थिएटरांना. माझ्यासारख्या फ्रीलान्सरसाठी वेगळी स्कीम होती, आधीच्या वर्षांच्या नफ्याच्या सरासरीचे ८० टक्के, तीन महिन्यांचे एकदम, साडेसात हजार पौंडांपर्यंत. पण आधार कशाचा, तर भरलेल्या टॅक्स रिटर्नचा. २०१८-१९ चं रिटर्न असेल तरच. आमचा ड्रमर त्यानंतर फ्रीलान्स झालेला, त्याला शून्य. त्यामुळे एक सल्ला, पाकिटं कितीही बारकी असली तरी आयटीआर भरत जा रे. टॅक्स लागू नसला तरी भरा.

वायर_गुंडाळणारा

आयटीआर :) आमच्याकडे पाकिटावर ‘सप्रेम’ लिहिलेलं असतं फक्त.

धा_धीं_ना

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल बालगंधर्वच्या बाहेर कट्ट्यावर बारा जण बसलो होतो, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, मावशींच्या पोस्टनंतर भांडणारे जरा गप्प झाले.

ठरलं ते असं. आधी यादी, खाते नंबरासकट, आत्ताच, कुणाला गरज नसताना. वर्षात तीन कार्यक्रम आमच्याबरोबर केले की नाव आत, मग तो गाणारा असो नाहीतर टेम्पोचा ड्रायव्हर. काम बंद पडलं की पहिल्या महिन्यात सगळ्यांना सारखं, न विचारता, फोटोबिटो काही नाही. दुसऱ्या महिन्यापासून ज्यांचे क्लास किंवा नोकरी चालू आहे त्यांनी आपणहून बाजूला व्हायचं. न झाल्यास काय हा प्रश्न आला, त्यावर परत अर्धा तास वाजलं, ते पुढच्या वेळी. काळी_पाच ताईंची अ‍ॅडव्हान्स बिदागीची कल्पना सगळ्यांना पटली, पैसे ‘येणे कार्यक्रम’ म्हणूनच द्यायचे. आणि यापुढे आमच्या प्रत्येक हँडबिलावर ध्वनी, प्रकाश, रंगभूषा, सगळ्यांची नावं. मिठाईवाल्याच्या वर.

वायर_गुंडाळणारा, तू कोथरूडचाच ना? आमच्या पुढच्या कार्यक्रमाला ये की साउंडला. यादीत टाकतो, नाव पाठव.

वायर_गुंडाळणारा

येतो. नाव मेसेज केलंय, पासबुकावर आहे तसंच टाक, हँडबिलवाल्याला स्पेलिंग स्वतः वाचून दाखव. आणि स्टेजला थ्री फेज आहे का ते आधी विचारून ठेव.