एनपीएमला सुडो लावून गुंता झालाय, ७७७ मारू का?

धागाकर्ता: मंडळी, उबुंटू २४.०४ वर वेब डेव्हलपमेंट शिकतोय. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि एनपीएम (त्याची पॅकेजेस टाकणारं साधन) एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने टाकलं. मग टाइपस्क्रिप्टसाठी 'एनपीएम इन्स्टॉल -जी' (एका प्रोजेक्टपुरतं नाही, सगळीकडे वापरण्यासाठी) केलं तर 'ईएसीसीईएस: परमिशन डिनाइड', आणि पुढे /यूएसआर/लोकल/लिब/नोड_मॉड्यूल्स हा पत्ता. सुडो (कमांड रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालवणं) लावलं, झालं. त्या सवयीने कॉलेजचा प्रोजेक्टही सुडोनेच उभा केला. आता व्हीएस कोड त्यातली एकही फाइल सेव्ह करू देत नाही आणि सुडोशिवाय साधं इन्स्टॉल होत नाही. मित्र म्हणतो, 'सीएचमॉड -आर ७७७' मार (सगळ्या फाइली वाचायला, बदलायला, चालवायला सगळ्यांना खुल्या), विषय संपला. मारू का? पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे, फॉरमॅट करायला वेळ नाही.

पायवाट: नका मारू, कळकळीने सांगतोय. जुन्या नोकरीत एका टेस्ट सर्व्हरवर मी पूर्ण /यूएसआर वर (सिस्टिमचे प्रोग्रॅम असतात ते फोल्डर) हेच केलं होतं. पुढची कमांड द्यायला गेलो तर सुडोच चालेना: सेटयूआयडी बिट नाही म्हणे. सुडोच्या फाइलची परमिशन साधारण ४७५५ असते. त्यातल्या पहिल्या ४ मुळे (हाच सेटयूआयडी बिट) ती कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालते. ७७७ दिलं की तो ४ पुसला जातो. एसयूचं (युजर बदलणारी कमांड) आणि पासवर्ड बदलणाऱ्या कमांडचंही तेच. म्हणजे चूक सुधारायला लागणारी किल्लीच गेली. रूटचं दुसरं टर्मिनल उघडं नव्हतं, सर्व्हर नव्याने उभा करावा लागला.

तुमचा घोळ मुळात परमिशनचा नाही, मालकीचा आहे. सुडोने बनवलेल्या फाइली रूटच्या नावावर गेल्या. 'एलएस -एल' करून तिसरा रकाना बघा, तिथे रूट दिसेल. फक्त प्रोजेक्टच्या फोल्डरवर 'सुडो सीएचओन -आर' (मालक बदलणारी कमांड), पुढे तुमचं युजरनेम आणि फोल्डरचा पत्ता. मग नोड_मॉड्यूल्स उडवा आणि सुडोशिवाय पुन्हा इन्स्टॉल करा. आणखी कुठे काही राहिलंय का ते 'फाइंड ~ -युजर रूट' सांगेल.

पुढे हे होऊ नये म्हणून एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घ्या. ते नोड तुमच्या होममध्येच ठेवतं, त्यामुळे -जी लाही सुडो लागत नाही. शिवाय २४.०४ च्या एपीटीमध्ये नोड १८ आहे, आणि त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला.

रात्रपाळी: एनव्हीएम नको असेल तर एनपीएमचा प्रीफिक्स (-जी ने टाकलेलं जिथे जातं तो पत्ता) होममधल्या एखाद्या फोल्डरवर वळवा आणि त्यातलं बिन फोल्डर पाथमध्ये (टर्मिनल जिथे कमांड शोधतं त्या यादीत) घाला. मी कित्येक वर्षं तसंच वापरतोय. पण दोन्ही एकत्र करू नका. .एनपीएमआरसी मध्ये (एनपीएमची सेटिंग फाइल) प्रीफिक्स असेल तर एनव्हीएम तक्रार करतं.

एक विचारायचं राहिलं: प्रोजेक्ट विंडोजच्या डी ड्राइव्हवर तर नाही ना? एनटीएफएसवर (विंडोजच्या ड्राइव्हचा फॉरमॅट) सीएचमॉड, सीएचओन देऊन बहुधा काहीच बदलत नाही, कारण तिथली मालकी ड्राइव्ह माउंट करतानाच ठरते. तसं असेल तर आधी होममध्ये कॉपी करा.

धागाकर्ता: नाही, होममध्येच आहे. सीएचओन केलं, व्हीएस कोड सेव्ह करू लागला! पायवाट, मनापासून आभार. एनव्हीएमही टाकलं, पण 'कमांड नॉट फाउंड' येतंय.

पायवाट: टर्मिनल बंद करून नवीन उघडा. त्याच्या ओळी .बॅशआरसी मध्ये जातात, जुन्या टर्मिनलने त्या वाचलेल्या नसतात.

धागाकर्ता: चाललं. आता डॉकरही (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) सुडोशिवाय चालत नाही. तिथेही सीएचओन?

रात्रपाळी: नाही, तिथे ग्रुपचा प्रश्न आहे. 'सुडो युजरमॉड -एजी डॉकर' आणि युजरनेम. त्यातला ए विसरू नका, नाहीतर सुडोच्या ग्रुपमधूनसुद्धा बाहेर पडाल. मग लॉगआउट करून परत लॉगिन. मात्र डॉकर ग्रुपमधला माणूस म्हणजे जवळजवळ रूटच. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर करू नका.