एकाच कल्ल्यावर इतके डॅक्टिलोगायरस?

प्रश्न: रोच माशाच्या एकाच कल्ल्यावर डॅक्टिलोगायरसच्या (कल्ल्याला चिकटणारा चपटा परजीवी कृमी) तीन-चार जाती दिसताहेत. मासा बदलला की परजीवी बदलतो, असं शिकलोय. मग या जाती याच माशावर एकीतून फुटून झाल्या की दुसऱ्या माशांवरून आल्या?

उत्तर: दोन्ही घडतं. ९००हून जास्त जाती, बहुतेक कार्पकुळातल्या माशांवर. यजमान (ज्यावर परजीवी जगतो तो मासा) तोच राहून फुटलेल्याही बऱ्याच. मैथुनावयव बघ, भाऊ, खरा फरक तिथे.

उत्तर: नुसत्या आकड्यांवरून (कल्ल्याला धरायच्या हुकांवरून) वंशवृक्ष काढू नकोस! २८एस, आयटीएस१ या डीएनए-तुकड्यांचे क्रम जुळव.

प्रश्नकर्ता: बाह्यगट (वंशवृक्षाचं मूळ ठरवायला तुलनेसाठी घेतलेला बाहेरचा नातलग) म्हणून गायरोडॅक्टिलस हा दुसरा चपटा कृमी चालेल?

उत्तर: फार लांबचा पडेल. डोळ्यांचे ठिपके नाहीत, कडेचे आकडे १४ऐवजी १६, अंडी न घालता पिल्लंच देतो, तीही पोटात पुढचं पिल्लू घेऊनच (विचित्र प्राणी!). त्यापेक्षा पर्च माशावरचा अँसायरोसेफॅलस हा जवळचा कृमी घे.